राइनश्नायन म्हणजे बेबीताई

…आणि वरून मला म्हणते कशी, "बेबीताई, राग नका मानू, पण प्रणालीची परीक्षा होईपर्यंत जरा फोन करून येत जा." फोन करून. मला. आता तुम्हीच सांगा, शर्मिलाच्या आणि माझ्या घरामध्ये काय आहे, तर एक भिंत, आणि तीही अशी की तिच्याकडे फोडणी पडली की ठसका मला लागते, आमचे हे इकडे खोकलले की ती तिकडून ओरडते, काढा पाठवू का, तिच्या कुकरची शिट्टी झाली की मी इकडून सांगते, बंद कर गं, डाळ लागते आता… अशा बाईच्या घरी मी फोन करून जाऊ? काय म्हणू फोनवर? हॅलो, मी बेबी बोलते, भिंतीच्या अलीकडून? भिंतीला भिंत, आणि फोन करून या म्हणे.

बरं, शर्मिलाचाही दोष नाही, ती बिचारी साधी बाई, मिस्टर तिकडे कुंडम गावी मास्तर, शनिवारी येतात, सोमवारी जातात, इकडे घरात ती आणि तिची पोरगी प्रणाली. ही प्रणाली माझ्या उंबऱ्याला धरून उभं राहायला शिकली, हे मी कोणाला सांगत नाही, पण आता विषय निघाला म्हणून सांगते. नर्स आहे, गुणी पोरगी, हात असा हलका की सुई टोचली हे पेशंटला दुसऱ्या दिवशी कळते. तर तिला जर्मनीच्या एका दवाखान्यानं नोकरी देऊ केली. सगळं ठरलं, तिथल्या बाईनं कॅमेऱ्यावर पाहून घेतलं, फक्त म्हणाली, आमच्या भाषेची परीक्षा पास हो आणि ये. झालं, पोरगी बसली परीक्षेला. लिहिण्यात पास, वाचण्यात पास, ऐकण्यात पास… आणि बोलण्यात फेल.

बोलण्यात. माझ्या शेजारी वाढलेली पोरगी बोलण्यात फेल होते, यात माझी काही इज्जत राहिली का सांगा.

दवाखाना म्हणाला, एकदा अजून बस, पावसाळ्यापर्यंत जागा ठेवतो, मग नाही, मग दुसऱ्या कोणाला देतो. झालं, शर्मिलाच्या घरात जेवण बंद, हसणं बंद, टीव्ही बंद. आणि इथं जबलपुरात बडा फुहाऱ्याच्या बाजारात, साड्यांच्या दुकानाच्या वर, तो अजिंक्य सर जर्मन शिकवते, तिकडे राहून आला आहे म्हणे, आपल्यातलाच पोरगा, पण बोलेल हिंदीत, तर तो शर्मिलाला म्हणाला, "देखिए आंटी, भाषा किताब से नहीं आती, माहौल से आती है. घरात जर्मनीसारखं राहा. सगळं वेळेवर, शांतता, आणि हे जे तुमच्याकडे कोणीही कधीही येते नं, ते बंद. तिकडे लेकीच्या घरी जायचं तरी आई आधी विचारते."

लेकीच्या घरी. विचारून. मी संध्याकाळी यांना सांगितलं, बघा वो, असा देश आहे. हे पेपर खाली न करता म्हणाले, "चांगला देश दिसते."

असो. आता मी काही भांडखोर बाई नाही, म्हटलं चलो, पोरीच्या परीक्षेचा प्रश्न आहे, करू फोन. पहिल्या दिवशी केला. मी माझ्या ओट्यावर उभी, कानाला फोन, आणि तिच्या फोनची घंटी मला भिंतीतून ऐकू येऊन राहिली, आणि ही उचलत नाही. मी वाट पाहिली, पाहिली, शेवटी भिंतीला तोंड लावून ओरडली, "शर्मिला, फोन उचल नं, मी आहे." तर ती तिकडून ओरडते, "हात कणकेचे आहेत बेबीताई, तुम्ही बोला, ऐकू येते." मग मी भिंतीला म्हटलं, "येऊ का?" भिंत म्हणाली, "अर्ध्या तासानं या."

आता अर्ध्या तासानं म्हणजे काय करायचं माणसानं मधल्या वेळात? मला विचारायचं होतं जरासा कढीपत्ता आहे का. पण वेळ दिली म्हटल्यावर साडी बदलली. केस विंचरले. बसली खुर्चीवर घड्याळाकडे पाहत, दवाखान्यात नंबर लावून बसतात तशी. अर्धा तास झाला, गेली, तर शर्मिला म्हणते, "या, बसा." अवो, मला कधी कोणी त्या घरात बसा म्हटलं नव्हतं, मी तिथं बसलेलीच असते. आणि वरून ट्रे आणला. ट्रेमध्ये कपबशी, फुलाफुलांची, ती जी तिच्या जावेच्या माहेरचे आले की काढते. सोबत बिस्किटं, गोल मांडून. मी त्या घरात स्टीलच्या गिलासात चहा पिणारी बाई, स्वतःच्या हातानं गाळून. मी ते बिस्किट हातात घेऊन बसली, ती बसली. ती म्हणते, "बाकी काय म्हणता?" बाकी काय म्हणता! सकाळी हिनं भिंतीतून मला सांगितलं की हिच्या गुडघ्यात कळ येऊन राहिली, आणि आता विचारते, बाकी काय. कढीपत्त्याचं मी विसरून आली. भिंतीला भिंत, आणि पाहुणीसारखी परत.

ते मी सोडून दिलं बरं का. पण त्यानंतर जे झालं ते ऐका.

एक दिवस मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालून राहिली होती आणि तिकडून प्रणालीचं पाठांतर कानावर आलं. मी काही कान लावून ऐकत नाही कोणाचं, पण कान आहेत तर आवाज येणारच. आणि काय ऐकते, तर त्या जर्मनमध्ये माझं नाव. "बेबीकाकू श्नाइट राइन. बेबीकाकू श्नाइट राइन." मग थोडं थांबून, "बेबीकाकू इस्ट राइनगेश्नाइट." पुन्हा. पुन्हा. लोक देवाचं नाव घेतात तशी ही पोरगी माझं घेऊन राहिली. मला तर बाप्पा भरूनच आलं. म्हटलं, सातासमुद्रापारची भाषा आणि त्यात आपण, कोणाच्या नशिबात असते? यांचा ओला पायजमा तसाच हातात, गेली मी पळत. फोन राहिला. लक्षातच नाही आलं, खरं सांगते.

आत जाते तर टेबलाशी अजिंक्य सर बसलेला, त्या दिवशी घरी शिकवायला आला होता. मला पाहून तो हसला, आणि प्रणालीला म्हणतो, "लो, उदाहरण आ गया."

मी म्हटलं, "काय उदाहरण? काय म्हणून राहिली गं तू माझ्याबद्दल? अर्थ सांग."

प्रणालीनं शर्मिलाकडे पाहिलं. शर्मिलानं पंख्याकडे पाहिलं. पंखा बंद होता.

"काकू," पोरगी म्हणते, "ते नं… बोलण्यातलं क्रियापद आहे. राइनश्नायन. श्नायन म्हणजे बर्फ पडणं. राइन म्हणजे आत."

"आत बर्फ पडला? कोणाच्या?"

"म्हणजे असं नं काकू, कोणी न सांगता, ध्यानीमनी नसताना, एकदम घरात येऊन… म्हणजे… टपकणं."

टपकणं. ओला पायजमा हातात घेऊन मी उभी, तो खाली टपकून राहिला आणि वर मी टपकलेली. म्हटलं, अच्छा. मी बर्फ काय? जबलपूरच्या ह्या उन्हात? अहो, बर्फ मी पाहिला तो गोळेवाल्याच्या गाडीवर, पोत्यात गुंडाळलेला. आणि बर्फ म्हणे आवाज न करता पडते, रात्रीतून सगळं पांढरं होते आणि माणसाला कळतही नाही. माझ्या चपलांचा आवाज शर्मिलाच्या घरी मी फाटकातून निघते तेव्हापासून येते, ती चहाचं आधण वाढवते त्या आवाजावर. मी कुठून आली बर्फ?

पण तो सर. त्या माणसाला माझं तोंड दिसलं नाही, त्याला फक्त व्याकरण दिसलं. म्हणतो, "आंटी, बहुत प्यारा शब्द है. बघा, हे क्रियापद फुटते. वाक्यात गेलं की 'राइन' उठून पार शेवटी जाऊन बसते. बेबीकाकू श्नाइट राइन."

म्हणजे बघा, आधी मी, मग बर्फ, आणि आत की बाहेर हे शेवटच्या शब्दाला. तोवर ऐकणाऱ्यानं श्वास धरून बसायचं, की बाई दारात आहे का घुसली. मी म्हटलं, "एवढं कशाला लांबवता, मी तर एका पावलात आत येते."

"वही तो," तो म्हणतो, "आणि येऊन गेली असं सांगायचं तर राइन आणि श्नाइटच्या मध्ये 'गे' येते. राइन-गे-श्नाइट."

हे ऐकून मात्र मला राहवलं नाही. म्हटलं, "सर, हा 'गे' आला का फोन करून? दोघं शब्द आपापले सुखानं राहून राहिले, मधोमध हा येऊन बसला, त्याला चालते. त्याच्यासाठी नियम आहे. आणि मी आली तर माहौल बिघडते."

शर्मिला तोंडाला पदर लावून हसली, मी पाहिलं. सर मात्र थांबेना. म्हणे नुसता बर्फ पडला तर 'हाट' लावायचं, आणि माणूस असा येऊन टपकला तर 'इस्ट', काहून, तर माणूस एका जागेहून दुसऱ्या जागी गेला. जो जागचा हलला त्याला 'इस्ट'. आला, गेला, पळाला, पडला, सगळे 'इस्ट'वाले. मी दहावीत गणितात राहिलेली बाई, पण हे मला असं कळलं तुम्हाला सांगते, असं डोक्यात बसलं की आता विसरते म्हटलं तरी विसरत नाही. ह्यांना जेवायला वाढताना सुद्धा मनात येते, हे 'हाट'वाले, सकाळपासून जागचे हलले नाहीत.

शेवटी मी त्याला सरळ विचारलं. "हा शब्द चांगला की वाईट ते सांगा."

"दोन्ही," म्हणतो. "आंटी, वो तो आनेवाले पर है. येणारा कोण, त्यावर."

"मग मी कोण?"

आता या प्रश्नाला उत्तर द्यायला काय जर्मनीहून माणूस आणायचा होता? तिघं बसले होते तिथं. प्रणालीनं मान खाली घातली, सरनं पेनाचं टोपण उघडलं आणि लावलं. मी म्हटलं, ठीक है. पायजमा खांद्यावर टाकला आणि आली निघून. भिंतीला भिंत, आणि मी पलीकडचा बर्फ.

त्या दिवसापासून मी पाऊल टाकलं नाही. यांनी विचारलं, "काहून घरी आहे आज?" जसं काही घर माझं नाही. शर्मिलानंच शेवटी फोन केला, माझ्या फोनची घंटी भिंतीतून तिलाच ऐकू गेली असेल. म्हणते, "बेबीताई, आल्या नाही."

"तू कुठं बोलावलं?"

"तुम्हाला काय बोलवायचं? तुम्ही फोन करायचा नं."

"मी काहून करू? मला यायचंच नाही."

"मग मी काय म्हणून राहिली, काहून नाही यायचं?"

असा फोन. कापला तर कापल्यावरही भिंतीतून तिचा सुस्कारा ऐकू आला. माझाही तिकडे गेला असेल.

मग परीक्षेचा दिवस जवळ आला. परीक्षा पुण्याला, मायलेकी गाडीनं जाणार. मी ठरवलं होतं, उठायचंच नाही जागचं, 'हाट' तर 'हाट'. पण आदल्या दिवशी दही लावून ठेवलं होतं, ते आपोआप लागते हातून, त्याला काय करणार. घरातून निघताना पोरीच्या हातावर दही-साखर कोण ठेवेल? शर्मिलाचं दही कधी लागत नाही, पातळ पाणी होते त्याचं, म्हणून जन्मभर त्या घरातली दही-साखर माझ्याच घरून गेली. वाटी तयार, मी तयार, आणि मधे तो फोन. करू की नको करू, करू की नको… तेवढ्यात दार ढकलून प्रणाली आत. न सांगता. पायात बूट, पाठीवर पिशवी, सरळ आली आणि वाकली.

मी म्हटलं, "फोन करून आली का?"

पोरगी मान हलवते नाही म्हणून, आणि डोळे भरून आलेले. म्हणते, "काकू, मी पुन्हा फेल झाली तर?" हात बर्फासारखे गार पडले होते तिचे. मग काय राग धरता येते का माणसाला? दही ठेवलं हातावर. म्हटलं, "खा. आणि तोंड उघडून बोल. माझ्या शेजारी वाढली तू."

आता परीक्षेत काय झालं ते ऐका, हे मला तिनंच परत आल्यावर सांगितलं, रडत-हसत. बोलण्याची परीक्षा जोडीनं असते. दोन परीक्षार्थी समोरासमोर बसवतात, आणि विषय देतात: दोघींनी मिळून ठरवा. हिच्या जोडीला तिथली समिधा नावाची पोरगी, एकदम तयारीची. आणि विषय काय आला, तर तुमच्या दोघींच्या शेजारीण बाई दवाखान्यात होत्या, आता घरी आल्या, त्यांना भेटायला जायचं आहे, तर ठरवा. झालं, समिधा सुरू. कधी जाऊ या? सोमवारी की मंगळवारी? चारला की पाचला? फोन कोणी करायचा? त्यांना कोणती वेळ सोयीची ते कसं विचारायचं? सगळं असं पाठ, आगगाडीसारखं. तिचं झालं आणि आता प्रणालीची पाळी, तिनं हो म्हणायचं, नाही म्हणायचं, सोमवार नको मंगळवार, असं ताणायचं, त्याचेच मार्क.

आणि आमची प्रणाली म्हणते कशी, "विअर श्नायन आइनफाख राइन."

आपण सरळ जाऊन टपकू.

संपलं. ठरवायचं काय राहिलं? सोमवार गेला, मंगळवार गेला, फोन गेला. समिधा तोंड उघडं टाकून बसली, तिचं पुढचं सगळं पाठांतर फोनवर उभं होतं आणि हिनं फोनच काढून घेतला. पण तुम्ही सांगा, पोरीचं काय चुकलं? शेजारीण दवाखान्यातून घरी आली तर आपल्याकडे कोणी वार ठरवते का? वार ठरवेपर्यंत ती बाई बरी होऊन भाजी आणायला जाईल. ह्या घरातल्या पोरीला हे सुचणारच नाही की यात ठरवायचं काय असते.

प्रणाली म्हणते, "काकू, सगळं पांढरं झालं डोळ्यासमोर. म्हटलं गेली मी." मग समोरची परीक्षक, गोरी, वयस्क, चष्म्याची दोरी गळ्यात, ती म्हणाली, "पण आजारी माणसाकडे, न विचारता?"

आणि तिथं पोरीचं तोंड उघडलं ते उघडलंच. म्हणे आमच्याकडे एक काकू आहेत. त्या विचारत नाहीत. दार वाजवत नाहीत. आल्या की आधी स्वयंपाकघरात जातात, झाकण काढून पाहतात, मीठ कमी आहे सांगतात आणि मग विचारतात, तू काय करून राहिली. म्हणे एकदा आई तापानं पडली होती, मी ड्युटीवर, आई कोणाला हाक मारू शकत नव्हती, तर त्या दिवशी सकाळी भिंतीतून मिक्सरचा आवाज नाही आला म्हणून काकू आल्या. न आलेल्या आवाजावर आल्या. फोन करत बसल्या असत्या तर आईनं उचलला नसता. म्हणून, ती म्हणाली, आजाऱ्याकडे विचारून जायचं नसते, कारण आजारी माणूस हमेशा म्हणते, नको, मी ठीक आहे.

सगळं जर्मनमध्ये. 'हाट'च्या जागी 'हाट' आणि 'इस्ट'च्या जागी 'इस्ट'. घंटा वाजली तरी बोलत होती म्हणे, बाईंनी हात वर करून थांबवली.

मी म्हटलं, "मिठाचं सांगायची काय गरज होती?"

निकाल लागला. मला कसा कळला? शर्मिलाचा फोन आला. भिंतीपलीकडून. "बेबीताई, येऊ का?" मी जे कडाडली, म्हटलं, "मुकाट्यानं ये, नाही तर भिंत फोडून येते मी." आली. पास. मार्क इतके की सरचाही विश्वास बसेना. बडा फुहाऱ्याहून खोव्याची जलेबी आणली, गल्लीत वाटली, आणि घरी येऊन दोघी बसलो ओट्यावर, आणि दोघींनीही आपापली जलेबी तशीच खाली ठेवली. कारण पास झाली म्हणजे काय झालं? गेलीच नं पोरगी. हे आम्हाला कोणी आधी सांगितलंच नाही. म्हणजे सांगितलं होतं, पण आम्ही पास होण्याच्या मागे होतो, जाण्याचं कोण ध्यानात ठेवते.

शर्मिला म्हणते, "आता तुम्ही कधीही या बेबीताई, फोन नका करू." घ्या. आता घरात पाहायला काय उरलं, तर या म्हणे कधीही.

निघताना प्रणाली गळ्यात पडली. "काकू, तुम्ही यायचं तिकडे. नक्की यायचं." मी म्हटलं, "येईन नं, अशीच येईन, राइनश्नायन." तर डोळे पुसत पुसत ही पोरगी काय म्हणावी? "नाही वो काकू. तिथं असं नाही चालत. आधी पासपोर्ट, मग व्हिसा. कधी येणार, किती दिवस, कोणाकडे, सगळं आधी सांगावं लागते." म्हणजे बघा, शर्मिलाकडे जायला एक फोन होता. आता पोरीला भेटायचं तर दोन सरकारांना विचारा.

पण टाकला मी अर्ज. हे हसले, हसू दे, ते 'हाट'वाले. आणि परवा दुपारी, कुकर लावलेला, केस मोकळे, तर दारात पोलीस. पासपोर्टच्या चौकशीला. ना फोन, ना निरोप, सरळ आत. "आपही बेबीबाई हैं?" म्हणून खुर्चीवर बसला.

काय करता मग. म्हटलं, आइए भैया. गिलासात चहा दिला. दोन वेळा.